पिवळा म्हणून लिहिलेला हिरवा

चैत्र सरत आला की आमच्या गल्लीत टँकर येऊ लागतात. टँकर दिसायच्या आधी मागे सरकतानाचा त्याचा कर्कश आवाज ऐकू येतो आणि घराघरांतून बॅरल, घागरी, रंगाचे धुतलेले डबे बाहेर येतात. कुणाची नळी आधी लागणार यावर थोडी बोलाचाली होते, मग हसणंही होतं, कारण उद्या नळी याच शेजाऱ्याकडून मागायची असते. लातूरच्या माणसाला उन्हाळा कॅलेंडरवरून कळत नाही. नळाला पाणी किती दिवसांनी आलं त्यावरून कळतो. चार दिवसांनी आलं तर थंडी आहे, आठ दिवसांनी आलं तर होळी जवळ आली, आणि पंधरवडा उलटला की वैशाख समजावा.

टँकरचं पाणी सुटलं की तापलेल्या रबराचा आणि ब्लीचिंग पावडरचा मिसळलेला वास येतो. गल्लीला तो वास बरा वाटतो, कारण त्याच्यामागे पाणी असतं. मला मात्र त्या वासाबरोबर दरवर्षी करंगळीएवढी एक काचेची नळी आठवते. तिच्यात थोडं पाणी आणि त्या पाण्याला आलेला रंग. एका उन्हाळ्यात तो रंग मी चुकीचा वाचला. चूक कुणाचीही होते. पण त्यानंतर मी जे बोललो ते चुकून बोललो नव्हतो, आणि ते सांगायचं सात वर्षं राहून गेलं. आता पंच्याहत्तरी उलटली. आणखी राहू द्यायला नको.

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी माझी बायको विमल न्हाणीत घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण पुढचे चार-पाच महिने पलंग सोडायचा नाही असं ठरलं. जिनं जन्मात एका जागी बसून चहा घेतला नाही, तिचा पलंग आम्ही पुढच्या खोलीत लावला. दोन दिवसांत तिनं भिंतीचे पोपडे आणि माझे दोष दोन्ही मोजून संपवले. तिसऱ्या दिवसापासून ती गप्प झाली, आणि ते जास्त वाईट होतं.

आमचा मुलगा महेश तेव्हा नांदेडला नोकरीला होता. एका शनिवारी तो एस.टी.नं आला तो मांडीवर हवा भरलेली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत सहा सोनेरी मासे होते. काचेची पेटी आणि फिल्टर वेगळ्या खोक्यात. लोह्यापासून अहमदपूरपर्यंत शेजारच्या सीटवरच्या बाईनं त्याला तीनदा विचारलं होतं म्हणे, "कितीला दिले ओ किलो?"

आमचं घर लिंगायताचं. उंबऱ्याच्या आत अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. मुरुडला माझी थोरली बहीण राहते, तिला आम्ही अक्का म्हणतो. तिला बातमी लागायला एक दिवस लागला. तिनं विमलला फोन केला.

"काय गं, घरात मासे आणले म्हणं?"

"पाळायला आणलेत, अक्का."

"ते कळलं. पाळून मग?"

विमल त्या दिवशी महिन्यात पहिल्यांदा पोट धरून हसली, आणि हसताना खुबा दुखला म्हणून रडली. पेटी तिच्या उशाशी ठेवली. आठवड्याभरात तिनं माशांना नावं दिली. सगळ्यांना ढकलून दाण्यावर येणारी ती जाऊबाई. कुणाकडे न बघता मधोमध सावकाश फिरणारा तो तहसीलदार. शेपटी फाटलेली एक बारकी होती, तिला ती 'माझी' म्हणायची, कारण दोघींना चालता येत नव्हतं.

या सगळ्यात घर कुणी चालवलं हे आधी लिहायला हवं होतं. आमची सून राजश्री धर्माबादची. तिच्या वडिलांचा मिरचीचा व्यापार. लग्नाला चार वर्षं झालेली, नांदेडला महेशबरोबर दोन खोल्यांचा नवा संसार मांडलेला. सासूबाई पडल्या हे कळताच तिनं त्या खोल्यांची जबाबदारी नवऱ्यावर टाकली आणि एक बॅग घेऊन लातूरला आली. कुणी बोलावलं नव्हतं. विमलची वेणी घालणं, कूस बदलवणं, जी कामं सांगायला मला अजून संकोच वाटतो ती सगळी कामं, तिनं कपाळाला आठी न पाडता केली. विमलला ती आत्या म्हणते, मला मामा.

मी तेहतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर घरात मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यामुळे महेशनं पेटीबरोबर पाणी तपासायचं छोटं किट आणलं तेव्हा विमलपेक्षा मीच जास्त खूश झालो. दोन-तीन बाटल्या, एक काचनळी आणि रंगांचे चौकोन छापलेलं कार्ड. माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो, तो माशांना मारतो. नळीत पेटीतलं पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले मोजून थेंब टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि रंग कार्डाशी जुळवायचा. पिवळा राहिला तर अमोनिया नाही. हिरवट झाला तर सावध व्हायचं. हिरवा जितका गडद तितका धोका मोठा. आमच्याकडच्या जड, क्षारयुक्त पाण्यात आणि उन्हाळ्याच्या तापात तोच अमोनिया आणखी विषारी होतो, हे मी राजश्रीला फळ्यावर लिहून दाखवावं तसं समजावलं होतं. ती लक्ष देऊन ऐकायची. क्लोरीन उडून जावं म्हणून पाणी उघडं करून उन्हात ठेवायचं, हेही तिनं माझ्याकडूनच ऐकलं.

सकाळी दहाला पूर्वेच्या खिडकीशी हा कार्यक्रम चाले. मी थेंब मोजायचो, राजश्री वहीत लिहायची. तारीख, तापमान, अमोनिया. विमल पलंगावरून विचारायची, "पास झाले का आज सगळे?" आणि मी म्हणायचो, "सगळे पास. शून्य." किती साधी, किती भरलेली सकाळ होती ती. आज मागे वळून बघताना मला त्या सकाळींचंही ऋण वाटतं. त्यात काय वाढत होतं ते ठाऊक असूनही वाटतं.

फाल्गुनातली गोष्ट. राजश्रीचं पेन थांबलं.

"मामा, हे पिवळं न्हाई. हिरवट होऊन राहिलंय."

"कुठं हिरवट?"

"हे बघा ना. कार्डावरच्या दुसऱ्या चौकोनाला जाऊन राहिलंय."

मी नळी उजेडात धरली. मला पिवळं दिसलं. पिकल्या लिंबासारखं स्वच्छ पिवळं. राजश्री लहानपणापासून वडिलांच्या वखारीत मिरचीच्या ढिगापुढे बसून मिरच्या निवडत आलेली होती. कोणती पहिल्या तोडीची, कोणत्या मिरचीला पाऊस लागला, कोणती जुन्या मालातली मिसळली आहे, हे ती नुसत्या छटेवरून सांगते. हे मला ठाऊक होतं. जेवताना मी त्याचं कौतुकही केलं होतं. तरी म्हणालो,

"राजश्री, तेहतीस वर्षं पोरांना रंग ओळखायला शिकवलं मी. हे रसायन आहे, तुमच्या धर्माबादची मिरची नव्हे."

विमल हसली. राजश्रीनं मान खाली घातली आणि लिहिलं, शून्य.

शून्य मला सोयीचंही होतं, हे आज कबूल करतो. तोवर नळ बारा दिवसांवर गेला होता. पेटीतलं तिसरा हिस्सा पाणी बदललं असतं तर भागलं असतं, पण हंड्यासाठी माणसं रांगेत उभी असताना सरांनी माशांना नवं पाणी घालावं, हे मला गल्लीत दिसायला नको होतं. त्यातच विमल दिवसातून पाच वेळा दाण्याची चिमटी सोडायची. "जाऊबाई खाऊ देत न्हाई ओ बाकीच्यांना," म्हणून तहसीलदाराला वेगळं. मी तिला अडवलं नाही. तिच्या हातात तेवढंच एक काम होतं.

चैत्राच्या शेवटी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. "श्वास लागून राहिलाय त्यांना, मामा," राजश्री म्हणाली. मी म्हणालो, "उन्हाळा आहे. माणसांना लागतो, माशांना लागणार नाही?"

त्याच आठवड्यात मी गच्चीवर गेलो तेव्हा कठड्याशी दोन बादल्या दिसल्या, वर मलमलचं फडकं बांधलेलं.

"हे काय?"

"पाणी उन्हात ठेवलंय मामा, दोन दिवस झाले. क्लोरीन जाऊ द्यावं म्हणून. तुम्हीच सांगितलं होतं ना."

मी हूं म्हणून खाली आलो. पाणी कुणाच्या वाट्याचं, ते विचारलं नाही. तेव्हा आमच्याकडे अंघोळीला माणशी एक बादली ठरलेली होती, तीही दिवसाआड. ते दिवस राजश्रीनं ओल्या पंचानं अंग पुसून काढले, हे विमलनं मला पुढे कधीतरी सहज सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपलो असताना तिनं नळीनं पेटीतलं थोडं पाणी काढलं आणि त्या बादल्यांतलं तेवढंच पाणी हळूहळू आत सोडलं. करायला हवं होतं तेच केलं, आणि बरोबर केलं. पण उशीर झाला होता. सकाळी पाच मासे उलटे तरंगत होते. शेपटी फाटलेली बारकी तेवढी तळाशी जिवंत होती.

नेमके त्या सकाळी विमलला बघायला मुरुडहून अक्का आली होती, आणि शिरूर अनंतपाळहून माझा चुलतभाऊ शिवमूर्ती. महेशही रविवार म्हणून घरी होता. विमल लहान मुलासारखी रडत होती. "कशानं मेले ओ? कशानं मेले?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात पाण्याचं शास्त्र कळणारा मी एकटा होतो.

मी म्हणालो, "राजश्रीनं काल टँकरचं पाणी ओतलं. कच्चंच."

ते पाणी दोन दिवस उन्हात ठेवलेलं होतं हे मला माहीत होतं. मी स्वतः विचारलं होतं आणि उत्तर ऐकलं होतं. डोळ्यांनी केलेली चूक मी डोळ्यांवर ढकलू शकतो. 'कच्चं' हा शब्द माझ्या तोंडातून माझ्या मर्जीनं निघाला. का, याचं मोठं कारण नाही. पाच जणांसमोर मला चुकलेलं दिसायचं नव्हतं, बस.

राजश्री चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ट्रे टेबलावर ठेवला, कप एकेकाच्या हातात दिले. माझाही दिला.

अक्का विमलच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "एकेकीचा हातगुण असतो बाई. जाऊ दे."

आमच्याकडे हातगुणाला फार वजन. दूध ज्याच्या हातानं नासत नाही, रोप ज्याच्या हातानं जगतं, लोणचं ज्याच्या हातानं बुरसत नाही, त्याचा हात चांगला. एकदा एखादीचा हात चांगला नाही असं ठरलं की कुणी भांडत नाही, टोमणा मारत नाही. फक्त तिच्या हातातली वस्तू अलगद काढून घेतली जाते. "राहू दे गं, तू दमली असशील." लोणच्याच्या कैऱ्या चिरायला राजश्री, बरणी भरायला दुसरी. घरात विरजण विमलच घालायची, पायात ताकद आल्यावर काठी टेकत ओट्याशी जाऊन घालायची. नात्यात मूल झालं की पाळण्याभोवती पाच बायका उभ्या राहत, त्यात राजश्री सहावी असे. लांबून टाळ्या वाजवणारी. मी हे बघत होतो. माझ्या एका वाक्याचं हे पीक होतं, आणि ते दरवर्षी वाढत होतं.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ती मला म्हणाली, "मामा, नांदेडला जाऊन तुमचे डोळे दाखवून येऊ."

"मला काय झालंय?"

"काल यांचा निळा शर्ट तुम्ही काळा म्हणालात. परवा सुद्धा."

नांदेडच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारली आणि मलाच विचारलं, "सर, इतके दिवस काय करत होता?" मोतीबिंदू पिकला होता, दोन्हीकडे. डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, म्हणाले, माणूस पिवळ्या काचेतून बघतो आणि हळूहळू झाल्यामुळे त्याला कळत नाही. राजश्री शेजारी बसली होती. डॉक्टर हे सांगत असताना ती भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचं दीड महिन्यानं ठरलं. परतताना एस.टी.त, मी काळा चष्मा लावून बसलेलो, ती दर तासाला माझं डोकं मागे टेकवून औषधाचे थेंब टाकायची. गाडी खड्ड्यातून जात असली की थांबायची, सपाट रस्ता आला की टाकायची. एक थेंब गालावर सांडला नाही. मला त्या हातांबद्दल काय ठरवण्यात आलं होतं ते त्या गाडीत मला एकट्यालाच आठवत असावं, किंवा कदाचित तिलाही.

घरी आल्यावर काळा चष्मा निघाला तेव्हा जग धुऊन ठेवल्यासारखं दिसलं. न्हाणीतल्या फरशा मी सायीच्या रंगाच्या समजत होतो, त्या पांढऱ्याशुभ्र निघाल्या. आकाश इतकं निळं असतं हे मी विसरलो होतो. विमलचे केस इतके पिकले आहेत हेही मला ठाऊक नव्हतं. मी किती तरी वेळ तिच्याकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "काय बघायलाव? म्हातारी दिसायले का?" मी म्हणालो, "छान दिसतेस." हे उगीच म्हणालो नाही.

मग एका सकाळी घरात कुणी नसताना मी ते किट काढलं. कल्हईसाठी कधीकाळी आणलेला नवसागर जुन्या डबीत होता. त्यात अमोनियाचाच अंश असतो. त्याचे दोन कण तांब्याभर पाण्यात विरघळवले, नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, पाच मिनिटं घड्याळ बघितलं. उजवा डोळा झाकून, अजून मोतीबिंदू असलेल्या डाव्यानं पाहिलं. पिवळं. डावा झाकून नव्या उजव्यानं पाहिलं. हिरवं. तीच नळी, तोच उजेड. मी दहा-बारा वेळा डोळे बदलले असतील. जन्मभर प्रयोग केले, इतकं स्पष्ट निरीक्षण कधी मिळालं नव्हतं.

वही काढली. माझ्या सांगण्यावरून लिहिलेली शून्यं रांगेनं उभी होती. आणि प्रत्येक शून्याशेजारी, समासात, पेन्सिलीनं अगदी फिकट लिहिलेलं होतं: हिरवट. हिरवट. पुढे, हिरवं. मासे मेले त्याच्या आदल्या दिवसापर्यंत. ही वही रोज माझ्या हातात होती. तेवढी फिकट पेन्सिल मला दिसतच नव्हती.

त्याच दिवशी बोलायला हवं होतं. विमल नुकती चालायला लागली होती, तिला त्रास नको म्हणालो. मग दिवाळी आली. मग दुसरा डोळा. मग महेशची बदली लातूरला झाली, सगळे एकत्र राहायला लागलो आणि घर इतकं सुरळीत चाललं की जुनं कशाला उकरा. न बोलायला माणसाला रोज एक नवं, चांगलं दिसणारं कारण सापडतं. मला सात वर्षं सापडत राहिलं.

या चैत्रात विमलला ताप आला. संध्याकाळी राजश्रीनं दूध कोमट करून ठेवलं आणि विमलनं पलंगावरून शेजारच्या कमलबाईंना हाक मारली, "ओ कमलबाई, जरा येऊन विरजण लावून जा की." कमलबाई पदराला हात पुसत आल्या. राजश्रीनं चमचा त्यांच्या हातात दिला आणि बाजूला सरकली. सवयीनं सरकली. ते सरकणं मला बघवलं नाही. कमलबाई गेल्यावर मी दोघींना पुढच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं. रंगाचं सांगितलं, बादल्यांचं सांगितलं, 'कच्चं' हा शब्द सांगितला.

"काय बोलायलाव तुमी?" विमल म्हणाली. "तापात मी हाव का तुमी?"

"मासे माझ्यामुळं मेले, विमल. हिनं तर एक वाचवला."

विमलनं चादरीची कड ओढून सरळ केली. मग म्हणाली, "सात वर्सं मी या पोरीला चमच्याला हात लावू दिला न्हाई. आन् तुमी समोर बसून दही खात होताव."

मी राजश्रीला विचारलं, "तुला कळलं होतं ना? डॉक्टर बोलले तेव्हा?"

"त्याच्या आधीच कळलं होतं मामा. म्हणून तर नेलं तुम्हाला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. हिरवट होऊन राहिलंय म्हणून." तिचा आवाज चढला नाही. "माझं बोलून झालं होतं."

विमल मध्येच म्हणाली, "मला तरी सांगायचंस गं."

"तुम्ही ऐकलं असतं का, आत्या?"

थोड्या वेळानं राजश्री उठली. दारात थांबून म्हणाली, "एक करा मामा. त्या दिवशी इथं जे जे होते त्यांना पण सांगा. आपण तिघांनी जाणून काय उपयोग."

तिनं एवढंच मागितलं. सात वर्षांत माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं.

विमल तीन दिवस माझ्याशी थेट बोलली नाही. "सांग तुझ्या मामाला, चहा झालाय." पण दुसऱ्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून तिचा आवाज ऐकू आला. "दूध कोमट हाय का?" "हाय, आत्या." "मग घाल की. माझ्या तोंडाकडं काय बघायलीस?" सकाळी दही सुरीनं कापावं असं लागलं. वैशाखाच्या तोंडावर कुणीही विरजण घातलं तरी दही लागतंच, हे रसायनाचा माणूस म्हणून मी सांगू शकलो असतो. पण विमल वाटी सगळ्यांना दाखवत फिरत होती. मी दोन वाट्या खाल्ल्या.

महेशला सांगितलं तेव्हा तो जेवणावरून उठला आणि बायकोला ताटाशी बसवून त्यानं तिला वाढलं. शिवमूर्तीला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, तुमच्या घरी मासे? कवा?" त्याला पेटी आठवेना, मासे आठवेनात. "पर सूनबाईचा हात जरा हे हाय, एवढं ऐकून हाय मी." अक्काशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. तिला आता ऐकू कमी येतं.

"अक्का, सात वर्षांमागं आमच्याकडं मासे मेले होते."

"कोण मेलं?"

"मासे, अक्का. मासे."

"आरं देवा. मला वाटलं माणूस."

"ते राजश्रीमुळं मेले न्हाईत. माझ्यामुळं मेले. मी खोटं बोललो होतो."

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मासे मला आठवत न्हाईत बघ. तिचा हातगुण न्हाई, एवढं मातर ध्यानात हाय."

"तेच खोटं हाय, अक्का."

"मास्तर आसून? आई आसती तर कानफटात दिली आसती तुझ्या."

"हो."

"माझ्याबी. मी तर ते गावभर केलं." आणि तिनं फोन ठेवून दिला.

मासे सगळे विसरले होते. हातगुण कुणीच विसरलं नव्हतं. माणसांच्या आठवणीत काय उरतं आणि कशावाचून उरतं, याचा मी त्या दिवसांत पुष्कळ विचार केला. माझ्या विद्यार्थ्यांतही असे कुणी असतील का, ज्यांना शेवटच्या वर्षांत मी रंग चुकला म्हणून बसवलं आणि रंग माझाच चुकला होता? कळायला मार्ग नाही. पण जिथं मार्ग होता तिथं चालायला मला सात वर्षं लागली, आणि चालवलं तेही तिनंच. जिच्याबद्दल मी खोटं बोललो तिनं माझी दृष्टी परत आणून दिली, मग गप्प राहून माझी वाट पाहिली. हे ऋण फेडण्याचं वय आता माझ्याकडे नाही. मान्य करण्याचं आहे. आयुष्याच्या या टोकाला एवढं मिळालं याचं मला रोज सकाळी आश्चर्य वाटतं, आणि बरं वाटतं.

चार दिवसांनी अक्काचा फोन आला, राजश्रीला. अक्काच्या नातीला मुलगी झाली आहे, तिचं बारसं. "तू एकलीच ये," तिनं फर्मावलं. "पोरीला पाळण्यात तू घालायचीस. बाकीच्या मागनं."

काल सकाळी मी राजश्रीला मुरुडच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेलो. लग्नातली साडी तिनं नेसली होती. गाडी लागली, ती खिडकीशी बसली आणि मांडीवर दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून राहिली. मला वाटलं, ऊन लागतंय. मी पाण्याची बाटली आत दिली. तिनं ती घेतली आणि हळूच विचारलं,

"मामा, मी हात लावला आणि लेकरू रडलं तर?"

तेव्हा मला समजलं की माझं वाक्य आणखी एका माणसाला खरं वाटलं होतं, आणि तिला फोन करून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

"रडणारच," मी म्हणालो. "पाळण्यात घातल्यावर सगळीच लेकरं रडतात. महेश तर दोन तास रडला होता."

"खरं?"

"विचार तुझ्या आत्याला. माझ्यावर विसंबू नको."

ती लगेच हसली नाही. गाडी हलल्यावर हसली.

दुपारभर मी फोन जवळ घेऊन बसलो. विमलही बसली, पेपर उलटा धरून. चारच्या सुमाराला अक्काचा फोन आला.

"रडली का?" मी आधी तेच विचारलं.

"लई रडली," अक्का ओरडून म्हणाली. मागे बायकांचा गलका चालू होता. "राजश्रीनं परत उचलून घेतली तवा गप बसली. आता दुसऱ्या कुणाकडं जायना. राजश्री दोन दिस हितंच राहील. तुमचं तुमी बघा."